कासची कारवी, श्रवण तारा आणि पस्तीस वर्षांची वाट

शुक्रवार : पुणे, लिंब, सातारा

खंबाटकीचा घाट चढून पलीकडे उतरलं की हवा बदलते. भाद्रपदातले दिवस, दोन्ही अंगांना ऊस आणि सोयाबीन, डोंगरमाथ्यांवर ढग टेकलेले. गाडी धाकटा भाऊ चालवत होता. साताऱ्याच्या अलीकडेच महामार्ग सोडून आम्ही लिंब गावाकडे वळलो.

हा प्रवास एका कादंबरीसाठी होता. कालप्रवासाची आणि प्रेमाची कादंबरी. ती साताऱ्याची, कासच्या पठारावर वनस्पतींचा अभ्यास करणारी. तो या पृथ्वीवरचा नाही. भूतकाळात नेणारं यंत्र मला त्यात नको होतं. घडलेलं पुसता येतं म्हटलं की विरहाला काही वजन उरत नाही. भौतिकशास्त्र भविष्याकडे जाणारा एक रस्ता मात्र खरोखर देतं: प्रकाशाच्या वेगाच्या जवळ पोचा, तुमचं घड्याळ हळू चालतं आणि घरी राहिलेल्यांचं पुढे निघून जातं. घाटात आम्हाला वाट दाखवणाऱ्या मोबाइलच्या नकाशातही हे गणित रोज वापरलं जातं. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं वेग आणि गुरुत्वाकर्षण या दोन्हींचा हिशेब धरून जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ते दुरुस्त केलं नाही तर एका दिवसात नकाशा किलोमीटरांनी चुकेल.

लिंबची बारा मोटांची विहीर मी याआधी फोटोतच पाहिली होती. अष्टकोनी, ११० फूट खोल, पायऱ्या उतरून गेलं की विहिरीच्या पोटातच दगडी महाल. एका वेळी बारा मोटा चालतील अशी थारोळी, म्हणजे मोटेचं पाणी ओतायच्या जागा. वीरूबाई भोसले यांनी शाहू महाराजांच्या काळात ती बांधली, आणि कोरीव लेखात शक दिला आहे: १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४.

त्या लेखापाशी मी बराच वेळ उभी होते. शालिवाहन ज्याला ठाऊक नाही, पृथ्वीची सूर्याभोवतीची फेरी हे ज्याचं माप नाही, त्याला हा शक कसा सांगायचा? या प्रश्नाचं एक उत्तर माणसांनी खरोखर पाठवलेलं आहे. १९७२ मध्ये सोडलेल्या पायोनियर १० या यानावर धातूची एक पाटी आहे. तिच्यावर स्त्री-पुरुषाची आकृती आहेच, पण काळ आणि लांबी मोजायला एकक म्हणून हायड्रोजनचा अणू घेतला आहे, कारण तो सगळ्या विश्वात एकसारखाच असतो. शिवाय १४ पल्सारांच्या, म्हणजे नियमित ठोक्यांनी लहरी पाठवणाऱ्या ताऱ्यांच्या, दिशा आणि त्यांचे ठोके कोरले आहेत. पल्सारांचे ठोके कालांतराने मंदावत जातात. त्यामुळे ती पाटी ज्याला सापडेल, त्याला यान कुठून निघालं हे कळेल आणि कधी निघालं हेही काढता येईल.

माझ्या कादंबरीतली पहिली खरी भेट मी या विहिरीतल्या महालात ठरवली. ती त्याला वर्ष समजावून सांगते, हायड्रोजनच्या ठोक्यांत. मग तो स्वतः लेखावरचा शक मोजून सांगतो. दोघांमध्ये सगळ्यात आधी जुळतं ते काळाचं माप, आणि पुढे तेच त्यांना दूर नेतं.

भावाने विचारलं, "ताई, विहिरीच्या तळातून दिवसा तारे दिसतात म्हणतात, खरं का गं?" खरं नाही. हवेत विखुरलेला सूर्यप्रकाश विहिरीच्या तोंडातूनही तितकाच उजळ दिसतो आणि तारे त्यात बुडून जातात. वर पाहिलं तर ढगाळ आभाळाचा अष्टकोन होता, आणि तो फार सुंदर होता.

संध्याकाळी साताऱ्यात आत्याच्या घरी. मोती चौकातून कंदी पेढे घेतले होते. आत्याने ते आधी देवापुढे ठेवले आणि मग आम्हाला दिले.

शनिवार : कास

पठारावर जायची नोंदणी आधीच केली होती. गर्दी टाळायची म्हणून सकाळी लवकर निघालो, तरी गाड्यांची रांग लागलेलीच. शनिवार-रविवारी कासला जाणाऱ्यांनी यापेक्षा वेगळी अपेक्षा धरू नये. शक्य असेल त्यांनी आठवड्याच्या मधल्या दिवशीच जावं, फुलांसाठीही ते बरं.

साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटर, समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरच्या आसपास. जांभ्या खडकाचं सपाट माथं, त्यावर मातीचा पातळ थर, काही ठिकाणी तोही नाही. एवढ्याशा मातीत ८५० हून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पती नोंदवल्या गेल्या आहेत. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली काही ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशात आली, त्यात कास आहे. तेरड्याचा गुलाबी रंग लांबपर्यंत पसरला होता, मधूनमधून सोनकी. पाणी साचलेल्या जागी सीतेची आसवं, निळी-जांभळी, नखाएवढी. इतकं नाजूक फूल, पण ही वनस्पती कीटकभक्षी आहे. मातीत नायट्रोजन फारच कमी, म्हणून ती पाण्यातले बारीक जीव पकडते. वायतुऱ्याचे दुहेरी तुरेही दिसले. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे.

मी आले होते ती मुख्यतः टोपली कारवीसाठी. यंदा तिचा फुलायचा हंगाम नव्हता, उलट्या घातलेल्या टोपल्यांसारखी गोल हिरवी झुडपं तेवढी दिसत होती. ती सात वर्षांनी एकदा फुलते, आणि फुलते तेव्हा सगळी एकदम, जांभळ्या रंगाने उतार भरून टाकते. एकदम फुलण्यात फायदा आहे. मधमाश्या मोठ्या संख्येने येतात, परागीभवन भरपूर होतं, आणि बिया खाणाऱ्यांनी कितीही खाल्ल्या तरी पुष्कळ उरतात. माझ्या नायिकेचं हेच कॅलेंडर आहे. कारवी फुलेल तेव्हा येईन, असं तो सांगून गेलेला आहे. पण कितव्या फुलोऱ्याला?

त्याला काय दिसतं, हाही प्रश्न इथे सुटला. मधमाश्यांना अतिनील प्रकाश दिसतो. आपल्याला एकरंगी वाटणाऱ्या कितीतरी पाकळ्यांवर त्यांना मधाकडे नेणाऱ्या खुणा दिसतात. त्याचा तारा सूर्यापेक्षा तापलेला असेल तर त्याची नजरही अशीच असायला हरकत नाही. परग्रहावरून आलेला म्हणजे निळ्या कातडीचा देखणा पुरुष, असलं लिखाण मला मुळीच पटत नाही. तो वेगळा असायचा तर पाहण्यात वेगळा असला पाहिजे. जे फूल ती वर्षानुवर्षं अभ्यासते आहे, त्यावरच्या रेषा तो तिला सांगतो, आणि ती वहीत पेन्सिलीने काढून घेते. प्रेम मला इथे दिसलं. दुसऱ्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवून आपलीच वस्तू पुन्हा काढायची.

रात्री नऊच्या सुमारास आत्याच्या गच्चीवर ढग थोडे फाटले. श्रवणाचे तीन तारे जवळजवळ डोक्यावर होते. मधला तेजस्वी म्हणजे श्रवण बाळ आणि दोन बाजूंना कावडीतले आईवडील, हे आत्यानेच मला लहानपणी दाखवलेलं. वही-पेन घेऊन तिथेच बसलो.

सर्वात जवळचा तारा प्रॉक्सिमा, ४.२४ प्रकाशवर्षं. जाऊन-येऊन साडेआठ वर्षं प्रकाशालाच लागतात, म्हणजे सात वर्षांचा पहिला फुलोरा चुकलाच. चौदा वर्षांत तो परत येऊ शकतो, पण मग त्याची स्वतःची अकरा वर्षं जातात. अशा फरकाला कुणी विरह म्हणणार नाही. व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर. तिसऱ्या फुलोऱ्याला परत यायचं तर तिची एकवीस आणि त्याची बारा. मग श्रवण, १६.७ प्रकाशवर्षं. जाणं-येणं ३३.४. पाचवा फुलोरा, म्हणजे पस्तीस वर्षं. यानातलं घड्याळ किती हळू चालतं ते असं काढायचं: वेग प्रकाशाच्या ०.९५४ पट. त्याचा वर्ग ०.९१. तो एकातून वजा केला, उरले ०.०९. त्याचं वर्गमूळ ०.३. पस्तीस गुणिले ०.३. तिची पस्तीस, त्याची साडेदहा.

वेग घेण्याचा आणि कमी करण्याचा काळ मी सोडून दिला, आणि तिकडे पोचून तो लगेच उलटा फिरतो असं धरलं. तरी हा आकडा कागदावर उमटला तेव्हा मी गप्प झाले. पंचविसाव्या वर्षी निरोप दिलेला माणूस साठाव्या वर्षी दारात येतो, आणि त्याच्या अंगावर जेमतेम दहा-साडेदहा वर्षं चढलेली असतात.

श्रवण कादंबरीला आणखीही शोभतो. सूर्याच्या सुमारे दहापट तेज, आणि स्वतःभोवती इतक्या वेगाने फिरतो (सुमारे नऊ तासांत एक फेरी, सूर्याला पंचवीस दिवस लागतात) की विषुववृत्तापाशी फुगून चपटा झालेला आहे. त्याच्या पृष्ठभागाचं चित्र २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. सूर्यासारख्या, ऐन उमेदीतल्या दुसऱ्या ताऱ्याचं तसं ते पहिलंच. तो वयाने सूर्यापेक्षा खूप लहान आहे, एवढ्या काळात तिथे जीवसृष्टी उमलून विचार करू लागणं अवघड. म्हणून माझ्या माणसाची जमात तिथली मूळची नाही, दुसरीकडून येऊन वसलेली आहे. घर सोडणं म्हणजे काय, हे त्याला पिढ्यांपासून माहीत आहे.

रविवार : अपशिंगे

सकाळी सज्जनगडावर जाऊन आलो. समाधीचं दर्शन घेतलं, धुक्यामुळे उरमोडी धरणाचं पाणी काही दिसलं नाही. चाळकेवाडीच्या पवनचक्क्या पाहायला भावाला जायचं होतं, पण आत्या म्हणाली, "तुझ्या गोष्टीला वाट पाहणारी बाई हवी ना? मग अपशिंग्याला चल."

अपशिंगे मिलिटरी. सातारा तालुक्यातलं गाव, आणि नावाला जोडलेला तो शब्द या गावाने कमावलेला आहे. घरटी माणूस फौजेत. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान परत आले नाहीत, त्यांच्या स्मरणाचा दगड गावात आहे. आत्याचे यजमान फौजेतले. आतोबा आता नाहीत, पण त्यांच्या ओळखीची घरं इथे आहेत. एका घरी चहा झाला, आणि परतताना रस्त्याकडेच्या झाडाखाली आत्या बोलायला लागली. ती अशी सहसा बोलत नाही.

"पत्त्यात गाव नसायचं. ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल, एवढंच. कुठल्या डोंगरावर आहेत, कुणास ठाऊक. एकदा पोराला गोवर आला म्हणून मी लिहिलं. त्यांचं काळजीचं उत्तर आलं तेव्हा पोरगं अंगणात खेळत होतं. मग मी काय लिहायचं? त्या उत्तराला उत्तर लिहायचं, की पुढचं?"

मी तिला विचारलं, मग काय लिहायचीस.

"पुढचंच. मागच्याला धरून बसलं की दोन्हीकडची माणसं मागेच राहतात."

मग मी तिला माझ्या दोघांच्या पत्रांचं सांगितलं. रविवारची ती दुपार मला या सगळ्या प्रवासात सगळ्यात मोलाची वाटते, म्हणून सविस्तर लिहिते.

ती दर महिन्याला एक संदेश पाठवते. संदेश प्रकाशाच्या वेगाने जातो, पण तोही जवळजवळ त्याच वेगाने दूर पळतो आहे. त्यामुळे प्रत्येक पत्राला त्याला गाठायला जास्त जास्त वेळ लागतो. गणित केलं तर जाताना त्याच्या घड्याळाने दर साडेसहा महिन्यांनी एक पत्र पोचतं. जाण्याच्या सव्वापाच वर्षांत एकूण नऊ किंवा दहा पत्रं. श्रवणापाशी तो पोचतो तेव्हा त्याच्या हातातलं सगळ्यात ताजं पत्रही तिच्या पंचविशीतलं असतं. मग तो वळतो. आता तो पत्रांच्या दिशेने येतो आहे, आणि वाटेत रांगेने आलेली सगळी पत्रं त्याला भेटायला लागतात. साडेचार-पाच दिवसांना एक. परतीच्या सव्वापाच वर्षांत चारशेच्या वर पत्रं.

तिच्याकडे काय होतं? तोही त्याच्या महिन्याला एक लिहितो. तिला चौतीस वर्षांहून अधिक काळ दर साडेसहा महिन्यांनी त्याचं एक पत्र मिळत राहतं. तो वळला, हेसुद्धा तिला चौतिसाव्या वर्षानंतर कळतं. आणि शेवटच्या नऊ-दहा महिन्यांत परतीची साठएक पत्रं धडाधड येतात, मागोमाग तो.

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे जाईपर्यंत ती त्याच्या लेखी तरुणच आहे. आणि येताना, पाच वर्षांत, ती त्याच्या डोळ्यांदेखत म्हातारी होते."

हो.

"मग तिने सगळं खरं लिहायला पाहिजे. आई गेली, गुडघे दुखायला लागले, सगळं. नाहीतर तो दारात कुणाला भेटायला येतोय?" थोडं थांबून ती पुढे म्हणाली, "हे सुट्टीवर यायचे ना, पहिले दोन दिवस मला यांच्याशी बोलायला सुचायचं नाही. पत्रातल्या माणसाची सवय झालेली असायची. समोरच्याची नव्याने करावी लागायची. तुझा तो दुसऱ्या ताऱ्यावरचा आहे म्हणतेस, पण इथल्या बायकांना ते काही नवीन नाही."

कालप्रवास करणारा तो, असं मी आजवर धरून चालले होते. पण पस्तीस वर्षांचं अंतर तिनेही कापलेलं असतं, एकेक दिवस करून, शिधापत्रिका आणि पावसाळे आणि मयत-बारसं सांभाळत. अशा गोष्टींत घरी राहिलेल्या बाईला दोन-चार ओळी मिळतात आणि यानात बसलेल्याला सगळं पुस्तक. मला हे मान्य नाही. माझ्या कादंबरीचा दोन तृतीयांश भाग साताऱ्यात घडेल.

परतताना रेवतीची गोष्ट निघाली. पुराणातला राजा ककुद्मी आपल्या मुलीला, रेवतीला घेऊन वर विचारायला ब्रह्मलोकी जातो. तिथे गाणं चाललेलं असतं म्हणून घटकाभर थांबतो. तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटून जातात, मनात धरलेले सगळे वर आणि त्यांची नातवंडं-पतवंडंही संपलेली. मग ब्रह्मदेवाच्या सांगण्यावरून रेवती बलरामाला दिली जाते, आणि जुन्या युगातली म्हणून ती फार उंच असल्याने तो नांगराच्या टोकाने तिला आपल्या काळाच्या मापात आणतो. वेगवेगळ्या काळांतल्या दोघांचं लग्न इतक्या पूर्वी कुणाला सुचलं, याचा मला खरोखर अभिमान वाटतो. फक्त तो नांगर मी घेणार नाही. माझ्या दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला आपल्या मापात बसवायचं नाही.

सोमवार : कोयनानगर

उंब्रजवरून पाटण, तिथून कोयनानगर. पाटणच्या पुढे पावसाने गाठलं. आत्याही आली होती.

१०३ मीटर उंचीचं धरण, त्याच्या शिवसागर जलाशयात १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाणी. ते पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला, पोफळीच्या बाजूला खाली सोडतात आणि त्यावर वीज होते, एकूण १,९६० मेगावॉट. मला हा आकडा हवा होता. एक किलो वजनाला माझ्या यानाचा वेग द्यायचा, सेकंदाला २ लाख ८६ हजार किलोमीटर, तर कोयनेची सगळी वीजगृहं पूर्ण क्षमतेने जवळपास साडेतीन वर्षं अखंड चालवावी लागतील. एका किलोला! साठ किलोच्या माणसाला दोनशे वर्षं, यानाचं वजन वेगळंच. आणि थांबायचं, वळायचं, पुन्हा वेग घ्यायचा, ते आणखी. पायोनियर १० सेकंदाला बाराएक किलोमीटरने रोहिणीच्या दिशेने चाललं आहे, त्याला वीस लाख वर्षांहून जास्त लागतील.

म्हणून त्याचं येणं ही सहज घडणारी गोष्ट ठेवायची नाही, हे धरणासमोर नक्की झालं. त्याच्या जमातीने एवढी ऊर्जा एका माणसाच्या ओढीसाठी का द्यावी, याचं उत्तर कादंबरीत हवं. मला वाटतं ते उत्तर कासच्या वहीत आहे. पस्तीस वर्षांच्या नोंदी, एका पठारावरच्या, एका हाताने केलेल्या. जो वेगाने प्रवास करतो त्याला असं काही करता येत नाही, त्याच्या काळात तेवढी वर्षंच नसतात. त्यांना ती वही हवी आहे. त्याला ती हवी आहे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप इथलाच, ६.३ तीव्रतेचा. धरणातल्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतो हे जगाला पटायला कोयना मोठं कारण ठरली. आत्या तेव्हा शाळकरी होती. साताऱ्यातल्या घराच्या फळीवरची पितळी भांडी एकामागून एक खाली आली, तो आवाज तिला अजून आठवतो. पायाखालचा हा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा.

पाटणला चहाला थांबलो तेव्हा आत्याने विचारलं, "तो आला, भेट झाली, कारवी फुलली. पुढे?"

पुढे तो पुन्हा जाणार, आणि या वेळी ती त्याच्याबरोबर जाणार. साठाव्या वर्षी निघून साडेसत्तराव्या वर्षी परत यायचं, साताऱ्यात पस्तीस वर्षं उलटलेली.

"मग घर कुणाच्या नावावर करून जाते, ते आधी लिही."

मी याचा विचारच केला नव्हता. भाचीच्या, मी म्हटलं.

"भाचीचं वय काय?"

चोवीस धरलं. म्हणजे माझी नायिका, त्या भाचीची आत्या, परत येईल तेव्हा भाची एकोणसाठची. पूर्वी त्यांच्यात छत्तीस वर्षांचं अंतर होतं, आता साडेअकराचं. आणि मधली चौतीस वर्षं, दर साडेसहा महिन्यांनी एक पत्र, या वेळी भाचीला तिच्या आत्याच्या अक्षरातलं. कासच्या नोंदीही आता भाचीच करणार, त्याच वहीच्या पुढच्या पानांवर.

उंब्रज येईपर्यंत तिसऱ्या भागाचा आराखडा झाला. तो भाचीच्या तोंडून लिहायचा, आणि पहिलं प्रकरण बक्षीसपत्राचं.